माहिती देणाऱ्याचा रकाना

"नातं काय?" खिडकीमागच्या कारकुनाने मान वर न करता विचारलं.

"भाऊ."

"सख्खे?"

"हो."

"आणि दाखला तुमच्याकडे नाही? दोन वर्षं झाली की." आता त्याने मान वर केली. माझ्यामागे रांगेत चार माणसं होती. सगळ्यांनी ऐकलं असावं असं मला वाटलं. मला नेहमीच तसं वाटतं.

मी वंशावळी तयार करतो. लोकांचे पणजोबा शोधून देणं हा माझा चाळीस वर्षांचा उद्योग. कागद सापडला तर तक्त्यात सलग रेघ, नुसतं ऐकीव असेल तर तुटक. यात मी कुणाची भीड ठेवत नाही. एका घराण्याने तर मूळपुरुषाची रेघ तुटक काढली म्हणून माझ्याशी बोलणंच सोडलं. शनिवारी याच गावात आमच्या संशोधकांची परिषद होती आणि नमुना म्हणून मला माझ्याच घराण्याचा तक्ता मांडायचा होता. सगळे कागद जमले होते. ताईच्या मृत्यूचा दाखला तेवढा राहिला होता. ताई याच गावात राहायची, म्हणून मी बुधवारीच येऊन थडकलो होतो.

कारकुनाने रजिस्टरावर बोट फिरवलं. माहिती देणाऱ्याच्या रकान्यातलं एका बाईचं नाव वाचलं. "मयताशी नातं, बहीण. ही तुमची दुसरी बहीण का?"

मला एकच बहीण होती. ते नाव तिच्या शेजारणीचं होतं.

लपवून काय करू, त्या क्षणी मला आनंद झाला. मी दरवर्षी भाषणात सांगतो, मृत्यूच्या नोंदीत आधी माहिती देणाऱ्याचा रकाना बघा. शेवटी उशाशी कोण होतं ते तिथे कळतं, आणि खोटंही लोक तिथेच लिहितात. आयतं उदाहरण घरातच सापडलं होतं.

"चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज भरा," कारकून म्हणाला. "बाईंना नोटीस जाईल. खोटी माहिती देणं गुन्हा आहे."

मी दाखला आणि अर्ज घेतला, नीट घडी घालून पिशवीत ठेवला. उशाशी कोण नव्हतं हे माझ्या ध्यानात आलं ते जिना उतरून रस्त्यावर आल्यावर.

दोन वर्षांपूर्वी दवाखान्याचा फोन आला तेव्हा मी अशाच एका परिषदेत होतो. दुसऱ्या दिवशी माझा निबंध होता: 'तक्त्यांतून गळालेल्या स्त्रिया'. "परवा सकाळी पोचतो," असं मी सांगितलं. परवा पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. शेजारणीने दार उघडून किल्ली हातात दिली. सह्या कुणी केल्या, हे मी विचारलंही नाही. ज्या ताईने शिवणयंत्रावर पाठीचा कणा वाकवून मला शिकवलं, तिच्याबद्दल मी इतकंही विचारलं नाही.

गुरुवारी शेजारणीकडे गेलो. ती बसवर कंडक्टर होती. निवृत्त झाली तरी सगळी इमारत तिला कंडक्टरबाईच म्हणते.

"या. दारातच का उभे? आत भरपूर जागा आहे, पुढे सरका," ती म्हणाली. मग माझ्या हातातला दाखला तिला दिसला आणि ती खाली बसली.

"कळलं म्हणायचं तुम्हाला."

"हो."

"पोलीस येतात का हो अशाला?"

मी दाखल्याची घडी घालत राहिलो. बोलायला हवं होतं.

"काय करणार सांगा! शेजारीण म्हटलं की ते म्हणायचे, बाजूला बसा. घरचं कुणी आहे? म्हटलं, भाऊ आहे. कधी येतोय? म्हटलं, परवा. तो डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हटलं, मी बहीण आहे, आण तो कागद इकडे. जन्मभर लोकांची खोटं बोलणारी तोंडं पकडली मी, आणि म्हातारपणी स्वतःच विनातिकीट सापडले." ती हसली. तिचे हात मात्र पदराशी चाळा करत होते. "चुकलंच माझं. सही कुठे करायची असेल तर येते मी."

"ताई काही म्हणाली होती?"

"तुमच्याबद्दल?" तिने पदर खोचला. "त्याला सारखे फोन करू नकोस, म्हणाली. तो कागदात असला की जेवायचंही विसरतो. पण खाटेजवळची खुर्ची काही कुणाला नेऊ दिली नाही. मी आपली दोन दिवस स्टुलावर."

"कुणी येणार नाही," एवढं कसंबसं म्हणालो आणि चपला चुकीच्या पायात घालून निघालो.

शुक्रवारी दुपारी लॉजच्या खोलीत तक्ता पुरा केला. दुरुस्तीच्या अर्जाची मागची बाजू कोरी होती. तिच्यावर आधी कच्चं काढून पाहिलं.

शनिवारी सभागृहाच्या भिंतीवर तक्ता लागला. माझं भाषण बेताचं झालं. आवाज मागपर्यंत पोचत नव्हता. नंतर एक तरुण संशोधक बाई वही घेऊन तक्त्याशी उभी राहिली. माझं जुनं लेखन तिने वाचलेलं होतं, हे ऐकून मला आणखीच चोरट्यासारखं झालं.

"सर, तुम्हाला दोन बहिणी? मला एकच माहीत होती."

"दोन."

"दुसऱ्या बहिणीला पुरावा?"

"ताईच्या मृत्यूची नोंद. खाली क्रमांक दिलाय."

तिने तो उतरवून घेतला. मग तिचं बोट पुढे सरकलं आणि थांबलं.

"अय्या सर, हे काय? ताईंपासून तुमच्याकडे येणारी रेघ तुटक पडलीये." तिने पेनाचं टोपण काढलं. "थांबा, मी जोडून देते."

"राहू द्या," मी म्हणालो. "तिथे कागद मिळाला नाही."

थट्टा समजून ती हसली. मग तिने माझ्याकडे पाहिलं, आणि हळूच टोपण परत लावलं.