बावीस अंश

मी एक जुना तापमापक आहे. बाई गेल्याची बातमी आली त्या सकाळी आठ वाजता मी बावीस अंश दाखवत होतो. मित्रांनो, यात विशेष ते काय, असं तुम्ही म्हणाल. पण मी उत्तरेच्या खिडकीबाहेर टांगलेला होतो. थंडी अजून सरली नव्हती. आदल्या दिवशी त्याच वेळी मी अकरा दाखवले होते, आणि समोरच्या नळावर उभ्या असलेल्या बायका अजूनही शाली लपेटूनच होत्या.

पारेकाका आकडा बघायला आले. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. माझ्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "काय रे, बरा आहेस ना?"

तेवढ्यात आत फोन वाजला.

पारेकाका हे नाव त्यांना बाईंच्या वर्गातल्या मुलांनी ठेवलं होतं. ते काचेची उपकरणं बनवण्याच्या कारखान्यात कारागीर होते आणि बाई, म्हणजे त्यांची बायको, शाळेत भूगोल शिकवायच्या. मला पारेकाकांनीच घडवलं. ज्योतीवर एक लांब नळी ओढून त्यांनी ती मधोमध कापली आणि दोन तापमापक केले. आम्ही जुळी भावंडं. वितळत्या बर्फात दोघांना एकत्र बुडवून त्यांनी शून्याची खूण केली, उकळत्या पाण्याच्या वाफेत धरून शंभराची. आमच्यात केसाएवढाही फरक नव्हता.

मग बाईंना वर्षभर एका दूरच्या देशातल्या शाळेत शिकवायला बोलावणं आलं. त्या माझ्या भावंडाला बरोबर घेऊन गेल्या. ठरलं असं की आपापल्या घड्याळाप्रमाणे दोघांनी रोज सकाळी आठ वाजता आकडा बघायचा. बाईंनी त्यांचा फोनवर कळवायचा आणि पारेकाकांनी भिंतीवरच्या आलेखकागदावर दोन ठिपके द्यायचे. इकडचा लाल, तिकडचा निळा. वर्ष भरलं की तो कागद वर्गात लागणार होता.

"बघितल्याशिवाय आकडा लिहायचा नाही," निघताना बाईंनी बजावलं. "अंदाजपंचे काही चालणार नाही."

"मी कारखान्यात कधी चुकलो नाही. घरात काय चुकणार?"

"घरातच चुकता. परवा चहात मीठ घातलंत."

आमचा मुलूख म्हणजे मैदानच मैदान. समुद्र इतका लांब की आमच्या गल्लीत निम्म्या लोकांनी तो पाहिलेला नाही. अशी जमीन लवकर तापते आणि लवकर निवते. म्हणून लाल रेघ उन्हाळ्यात डोंगरासारखी चढायची आणि थंडीत दरीत उतरायची. तिकडचा देश पृथ्वीच्या दक्षिण अर्ध्यातला. लांबट, चिंचोळा, एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला बर्फाचे डोंगर. समुद्र त्याला फार तापू देत नाही, फार गारठूही देत नाही. पण वारा रोज दिशा बदलतो, त्यामुळे निळी रेघ सतत खालीवर व्हायची. एक दिवस तेरा, दुसऱ्या दिवशी सतरा, तिसऱ्या दिवशी पंधरा. लागोपाठ दोन दिवस ती एका जागी थांबलेली मी पाहिली नाही.

इकडे उन्हाळा तेव्हा तिकडे हिवाळा. म्हणून या दोन रेघा वर्षातून दोनदा एकमेकींना छेदणार होत्या. पहिल्यांदा त्या नोव्हेंबरात छेदल्या. दोन्हीकडे चौदा. त्या दिवशी फोनवर पारेकाका लहान मुलासारखे ओरडले, "जमलं गं, जमलं!"

"आता मार्चात परत जमेल," बाई म्हणाल्या. "तो आकडा घेऊनच मी घरी येईन. शेवटचा ठिपका आपण दोघं मिळून देऊ."

फेब्रुवारीच्या अखेरीस निळी रेघ एकाएकी सरळ झाली. बावीस. दुसऱ्या दिवशीही बावीस. तिसऱ्या दिवशीही.

"तुझ्या नळीतला पारा तुटलाय," पारेकाका फोनवर म्हणाले. "बर्फात बुडव आणि हळूच झटका दे."

"तुमचा तापमापक ठणठणीत आहे हो."

"मग खिडकी बदल. ऊन लागत असेल."

"खिडकी बदलली आहे," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज दमलेला होता. पण पारेकाकांचं लक्ष आकड्यावर होतं. आपल्या हातच्या कामात खोट निघाली याचं त्यांना वाईट वाटत होतं. त्यांनी ते ठिपके पेन्सिलीने दिले, कारखान्यातून एक नवी नळी आणली आणि संध्याकाळी बसून दुसरा तापमापक बनवायला घेतला. असे नऊ दिवस गेले. दहाव्या सकाळी तो फोन आला.

फोन तिकडच्या मुख्याध्यापिकेचा होता. बाई नऊ दिवस इस्पितळात होत्या. घरी कळवू नका, उगाच घाबरतील, असं त्यांनी सगळ्यांना बजावलं होतं. तिथल्या खोल्या एकसारख्या उबदार ठेवतात आणि खिडक्या बंद असतात. तापमापक त्यांनी उशाशी टांगून घेतला होता. रोज आठ वाजता त्या मान वळवून आकडा बघायच्या. खोटा आकडा त्यांनी एकदाही सांगितला नाही.

मित्रांनो, तेव्हापासून रोज सकाळी आठ वाजता माझा पारा बावीसवर जातो. मी तो चढवत नाही. आधी माझ्या फुग्याला ऊब लागते, कुणी चिमटीत धरावं तशी. बाई मला पुसायच्या तेव्हा अशीच लागायची. पाचेक मिनिटं पारा तिथेच थांबतो आणि मग खऱ्या आकड्यावर उतरतो. पारेकाकांनी मला दोनदा बर्फात घातलं. मी शून्य दाखवलं. माझ्यात खोट नाही.

मागच्या आठवड्यात बाईंच्या शेजारच्या वर्गाच्या शिक्षिका आल्या होत्या.

"काका, मुलं विचारतात, रेघा दुसऱ्यांदा कुठे जुळल्या?"

"तिला विचारायला हवं होतं," पारेकाका म्हणाले.

"काय?"

"बरी आहेस ना, एवढंच. यालासुद्धा विचारलं मी," त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "तिला नाही विचारलं."

शिक्षिकांनी आठ वाजता मला पाहिलं. बावीस. पदर खांद्यावर ओढून लगेच निघाल्या.

मी काचेचा आहे, माझं बोलणं किती मनावर घ्यायचं ते तुम्ही ठरवा. पण रोज खालीवर होणारी एखादी रेघ अचानक सरळ झाली, तर आधी उपकरण तपासू नका. ते ज्याच्या हातात आहे त्याला विचारा.

तिकडून एक लाकडी डबा आला आहे. तो कपाटात आहे आणि माझं भावंड त्यात आहे. ते आत्ता किती अंश दाखवतंय ते मला ठाऊक आहे. पारेकाका रोज आठ वाजता कपाटापाशी उभे राहतात आणि मग कामाला जातात. मार्च संपला. शेवटचे नऊ निळे ठिपके अजून पेन्सिलीतच आहेत आणि डबा उघडायचा राहिला आहे.