जपून ठेवलेलं कार्ड

आग लागो दादाच्या त्या कपाटाला! घरातला कुठलाही कागद याच्या हाती लागला की गेलाच आत, आणि किल्ली याच्या खिशात. मी झेरॉक्सचं दुकान चालवते. कागद वापरायला असतो, हे मला कळतं, याला नाही.

छोटी आमची धाकटी बहीण. सहा वर्षांपूर्वी सल्फाच्या गोळ्यांनी तिच्या अंगभर फोड आले, तेव्हा डॉक्टरांनी औषधाचं नाव लिहून एक कार्ड दिलं होतं. "वेंधळी आहे ती, हरवेल," म्हणत दादाने ते कपाटात ठेवलं. मोठा शहाणा!

गेल्या आठवड्यात छोटीला लघवीला जळजळ व्हायला लागली. कोपऱ्यावरच्या डॉक्टरने विचारलं, "कुठलं औषध चालत नाही?" तिला नाव काही केल्या आठवेना. "पांढरी गोळी होती," एवढंच म्हणाली. त्या महाभागाने मान डोलावली आणि पुन्हा तेच लिहून दिलं. अरे, जगातल्या निम्म्या गोळ्या पांढऱ्या असतात! जरा खोदून विचारायला काय झालं होतं?

आता ती त्या गोळ्यांपायी जळीत वॉर्डात आहे, कुठेही न भाजता. पाठीची कातडी चादरीला चिकटून निघते. पाण्याचा घोटही सोसत नाही. डोळे सुजून मिटलेत. जीव वाचेल, पण नजरेचं आत्ता सांगता येणार नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. घड्याळं दुरुस्त करते हो माझी बहीण! केसाएवढी स्प्रिंग चिमट्याने बसवते.

आज दादा कार्ड घेऊन आला. चरा पडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरलेलं. माझं डोकंच फिरलं.

"आता आणलंस? आता काय चाटायचंय ते?"

अख्ख्या वॉर्डाने वळून बघितलं. बघू देत. दादा खाली मान घालून रडत होता.

"ताई, ओरडू नकोस गं," छोटी फुटलेल्या ओठांनी म्हणाली. "काय लिहिलंय ते वाच ना. मला दिसत नाही."

मी कार्ड हिसकावून घेतलं. औषधाचं नाव मोठ्याने वाचलं. त्याखाली बारीक अक्षरात छापलं होतं, "हे कार्ड सतत जवळ बाळगावे. जादा प्रती काढून घ्याव्यात."

कार्डावरचं प्लास्टिक माझ्या हातचं होतं. दादाकडे द्यायच्या आधी माझ्याच दुकानात मी त्याचं लॅमिनेशन केलं होतं. झेरॉक्सचं मशीन हाताशीच होतं.

"ताई? वाच ना पुढे."

"एकसुद्धा प्रत काढली नाही गं मी," मी म्हणाले.