आजोबांचा निखळलेला हात

शेवटच्या सामन्यासाठी टेबलाशी उभी राहीपर्यंत तिने घरी इतके फोन केले होते, की नवऱ्याने हॅलो म्हणायचंच सोडून दिलं होतं. फोन उचलला की तो सरळ हजेरी द्यायला लागायचा, "झोपून उठली. अर्धं केळं खाल्लं. शी झाली. रंग पिवळा. पुढचा प्रश्न?"

"आणि अंग गरम नाही ना?"

"माझं आहे. तुझ्या फोनने. अगं, इतक्या महिन्यांनी गेलीयेस, खेळ ना बाई नीट!"

पाठोपाठ त्याने फोटो पाठवला. त्यांची लेक ठमी आईच्या कामाच्या टेबलाखाली फतकल मारून बसलेली, गाल फुगलेले, एक मूठ घट्ट मिटलेली. नुकती रांगायला लागलेली ठमी म्हणजे घरातला चालताबोलता धोका होता. निदान तिला तरी तसं वाटायचं. मन चिंती ते वैरी न चिंती, आणि तिचं मन तर दिवसरात्र तेवढंच करत असे. तिने फोन टेबलाच्या कडेला उताणा ठेवला आणि टेप हातात घेतला.

"काय गं पोरी, आज आजोबांना पेन्शनीत काढू का?" समोरून कवळीकाकांनी विचारलं.

"काका, आधी तुमच्या किड्यांना दात घासायला लावा."

कवळीकाका दातांचे डॉक्टर. आठवडाभर लोकांच्या किडक्या दाढा उपसायच्या आणि सुट्टीच्या दिवशी अंतराळातल्या किड्यांच्या फौजेचे दात बारीक ब्रशने पांढरेशुभ्र रंगवायचे, असा त्यांचा संसार. क्लबने त्यांचं बारसं केव्हाच करून टाकलं होतं. त्यांच्या किड्यांच्या झुंडीने टेबलाची पलीकडची बाजू गिजबिजून गेली होती. मधे थर्माकोलची पडकी शहरं, मोडके मनोरे, फुटकी पाण्याची टाकी. अलीकडे तिचं सैन्य, 'गंजलेले'. कुठल्याशा मेलेल्या ग्रहावर मालक संपून गेले तरी पहारा सोडायचं विसरलेली ही यंत्रं. बोटभर उंचीचं एकेक यंत्र तिने ठमीच्या आधीच्या दिवसांत भिंग लावून रंगवलं होतं. त्यातलं सहा पायांचं सगळ्यात अवजड धूड म्हणजे आजोबा. कुठेही सगळ्यांच्या मागून पोचायचं आणि पोचल्यावर मधोमध ठाण मांडून बसायचं, म्हणून आजोबा.

खेळ तसा सोपा. आळीपाळीने आपापले सैनिक टेपने मोजून पुढे सरकवायचे, गोळी लागली की नाही ते फाशांना विचारायचं, आणि दुतोंडी घड्याळातली आपली वेळ संपायच्या आत मधल्या जागा काबीज करायच्या. सकाळपासूनचे सगळे सामने तिने जिंकले होते. हा जिंकला असता तर ती स्पर्धेत पहिली आली असती. बाळंतपणानंतरच्या पहिल्याच स्पर्धेत!  

आजोबा टाकीपाशी पोचले. समोर काकांची राणी, दात विचकून.

"आता बघा," ती म्हणाली, आणि तोफ राणीकडे वळवायला तिने आजोबांना धरलं. घाईत पायांखालच्या बैठकीला न धरता खांद्याला धरलं. उजवा हात तोफेसकट निखळून तिच्या बोटांत आला.

"अरे अरे, संधिवात!" काका म्हणाले. शेजारच्या टेबलावरचेही हसले.

तीही हसली. त्यात काही मोडतोड नव्हती. मोठ्या यंत्रांचे हात कोणी कायमचे चिकटवत नाही. खांद्यात एक आणि हातात एक असं मसुराच्या डाळीएवढं चुंबक बसवतात, म्हणजे हवं तेव्हा शस्त्र बदलता येतं आणि पेटीत भरताना हात काढून ठेवता येतात. तिने हात खांद्याजवळ नेला. तो टक् करून आपणहून जाऊन बसला.

आणि त्या टक्‌ने तिचं हसू जागच्या जागी थिजलं.

काल हा हात आधी टक् करून बसत नव्हता. काल दुपारी ठमी झोपली असताना तिने जुना सैल हात काढून नवा बसवायला घेतला होता, आणि या छंदातल्या प्रत्येकाने कधी ना कधी केलेला गाढवपणा केला होता. चुंबकं उलटी चिकटवली. हात खांद्याजवळ नेला की दोन जावांनी एकमेकींना बघून तोंडं फिरवावीत तसा गर्रकन वळायचा. मग तिने सुरीच्या टोकाने ती दोन्ही चुंबकं उकरून काढली, डबीतली नवी दोन सुलटी करून बसवली. आणि उकरलेली?

उकरलेली तिने हिरव्या कापायच्या मॅटवर ठेवली. तेवढ्यात ठमी उठली, रडली. तिने ग्लूचं झाकण लावलं, सुरी वर फळीवर ठेवली, कात्री ड्रॉवरमध्ये कुलूपबंद केली, आणि मॅट उचलून टेबलाच्या खालच्या कप्प्यात सरकवली.

मॅट सरकवताना तिच्यावर चुंबकं होती का? तिला आठवेना. डबीत परत टाकल्याचं तर मुळीच आठवेना.

"पोरी, तुझं घड्याळ चाललंय हं," काका म्हणाले.

तिने फोन उचलला, मघाचा फोटो बोटांनी मोठा केला. ठमीच्या मागे खालचा कप्पा दिसत होता. हिरवी मॅट अर्धी बाहेर ओढलेली. गाल फुगलेले. मूठ मिटलेली.

काकांनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि काही न विचारता घड्याळाचं मधलं बटण दाबून दोघांचीही वेळ थांबवली. हात वर करून पंचांना बोलावलं.

"काय झालं?"

"चुंबकं," ती म्हणाली. "दोन. लेक रांगते."

काकांच्या चेहऱ्यावरची थट्टा पुसली गेली. तिच्याआधी त्यांनीच तिची पेटी ओढली. पेटीला आतून पत्रा होता. चुंबक आत असतं तर त्याला चिकटलं असतं. दोघांनी स्पंजच्या एकेका खाचेतून टेपचं पोलादी टोक फिरवलं. पंच, एरवी शाळेत गणित शिकवणारा उंच, शांत माणूस, गुडघ्यांवर बसून टेबलाखाली बघत होता. काही मिळालं नाही.

नवऱ्याने फोन उचलला. "झोपायच्या बेतात आहे. शी नाही. पुढचा—"

"ऐक. स्क्रूड्रायव्हर घे. माझ्या टेबलाखाली, कप्प्यात, मॅटच्या खाली फिरव. चांदीसारख्या दोन टिकल्या आहेत. चिकटतील त्याला."

पलीकडे खडखडाट झाला. मग सासूबाईंचा आवाज, "काय हरवलंय रे?" मग तो. "नाहीयेत. आईने मघाशी केर काढला. कचरा गेला पण. त्यातच गेली असतील."

"केर ठमी तिथे बसायच्या आधी काढला की नंतर?"

"अगं, मला काय माहीत! आई, केर कधी... बहुतेक आधी. नाही, नंतर म्हणतेय. हे बघ, ठमी हसतेय. पोट मऊ आहे. तूच म्हणालीस ना मागे, छोटी वस्तू असली तर शीतून आपोआप पडते."

"एक असली तर. चुंबकं दोन असली तर आतड्याच्या दोन वेढ्यांतून एकमेकांना ओढतात. मधलं आतडं चिमटतं. भोक पडतं. आणि तोवर मूल हसत असतं."

त्याने नुसतं "हं" केलं. तो हुंकार कसला ते तिला ठाऊक होतं. तो बटणाचा होता. मागे त्याच्या शर्टाचं बटण सापडेना म्हणून तिने ठमीला उचलून दवाखाना गाठला होता. सगळी संध्याकाळ तिथे गेली, डॉक्टर हसले, आणि बटण धुण्याच्या बादलीत निघालं. त्याआधी गोवर, जो घामोळं निघाला. त्याआधी धाप, जी गाढ झोप निघाली. साप साप म्हणून इतक्यांदा भुई धोपटली होती, की आता खरा साप निघाला तरी काठी कोण उचलणार? आणि खरं तर तिलाही खात्री नव्हती. चुंबकं कचऱ्यात असतील. डबीत असतील. आत्ता तिच्याच बाहीला चिकटलेली असतील.

"तू दमलीयेस," तो समजुतीने म्हणाला. "शेवटचा सामना आहे, टेन्शन आलंय. खेळून ये. मी लक्ष ठेवतो. जरा जरी रडली तरी—"

एरवी तिने दहा कारणं दिली असती, कुठे काय वाचलं ते सांगितलं असतं, शेवटी रडली असती. आज तिच्याकडे तेवढाही वेळ नव्हता.

"मी तुला विचारत नाहीये," ती म्हणाली. "सांगतेय. तिला आता काही भरवू नकोस, पाणीसुद्धा नको. मुलांच्या हॉस्पिटलात ने आणि एक्स-रे काढायला सांग. डॉक्टर हसले तर हसू दे. मी तिथेच येते."

पलीकडे खुर्ची सरकली. मग, "आई, हिची टोपी दे," असा त्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

तिने टेबलाकडे पाहिलं. अख्खं सैन्य मांडलेलं होतं. ते भरायला बराच वेळ गेला असता, कारण प्रत्येकाची खाच वेगळी, तलवारी नाजूक, आणि दुसऱ्याच्या सैनिकाला विचारल्याशिवाय बोट लावणं या लोकांत परक्याच्या ताटात हात घालण्यासारखं. काका हात पाठीमागे बांधून उभे होते.

"लावा हात," ती म्हणाली. "सगळ्यांना लावा. कसेही भरा."

"कसेही कशाला? दाढेचं काम करतो तसं भरतो. तू पळ आधी!"

टॅक्सीत तिने चार वेळा ड्रायव्हरला लवकर चला म्हटलं आणि चार वेळा हळू चालवा म्हटलं. प्रत्येक सिग्नलला एकच विचार यायचा. काल मी कात्री कुलूपबंद केली. कात्री!

हॉस्पिटलच्या बाकावर नवरा ठमीला मांडीवर घेऊन बसला होता. ठमी त्याच्या घड्याळाचा पट्टा चावत होती, मजेत. एक्स-रे झाला होता. नवऱ्याने मान वर केली.

"आहे," तो म्हणाला.

तरुण डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर फोटो दाखवला. इवल्याशा फासळ्यांखाली पोटात एक पांढरा गोल ठिपका. कडा अगदी रेखीव.

"एकच दिसतंय," बाई म्हणाल्या. "एक असेल तर बहुधा पडून जाईल. पण तुम्ही दोन म्हणताय."

"दोनच होती. एकावर एक चिकटली असतील तर समोरून एकच दिसणार," ती म्हणाली.

"म्हणूनच बाजूनेही काढायला सांगितलाय. येतोच आहे."

दुसरा फोटो पडद्यावर आला. बाजूने ठिपक्याची आखूड जाड रेघ झाली होती. आणि त्या रेघेच्या मधोमध एक केसाएवढी काळी फट होती.

बाईंनी खुर्ची मागे सारली. "दोन आहेत. अजून जठरात आहेत, हे नशीब. पुढे सरकून सुटी झाली, तर पोट उघडावं लागेल. दुर्बिणीने आत्ताच काढू. शेवटचं खाणं कधी झालं?"

"केळं. त्यावर काही नाही," नवरा म्हणाला. "हिने फोनवर पाणीसुद्धा देऊ नको म्हणून सांगितलं."

"बरं केलं."

आत नेताना ठमी पहिल्यांदा रडली. दार लागलं तसा आवाज आत आत गेला, मग औषधाने थांबला. ते थांबणं रडण्यापेक्षा वाईट होतं. दोघं बाकावर बसली. मधे ठमीची टोपी. तिच्या फोनवर काकांचा निरोप आला होता. 'सगळे नीट भरले. आजोबांचा हात काढून रुमालात गुंडाळलाय. पंचांनी सामना माझ्या नावावर लावला, लाज वाटली, पण नियम आहे. बाळ कसं आहे?' तिने तो दोनदा वाचला.

 नवऱ्याने टोपी उचलली, घडी केली, उलगडली. "मी म्हणालो होतो, खेळून ये," तो हळूच म्हणाला.

"चुंबकं मीच ठेवली होती खाली."



दार उघडलं. बाईंनी मास्क खाली ओढला. "निघाली. जठराला जरासं लाल झालंय, बाकी ठीक. आजची रात्र इथे ठेवू. शुद्धीवर येतेय, या एकेक करून." मागून नर्स स्टीलची वाटी घेऊन आली. तिला ती तिरकी करून दाखवायची होती, पण चुंबकं वाटीच्या तळाला घट्ट बसलेली. तिने वाटी पार उलटी केली तरी हलेनात.

"तू जा आधी," नवरा तिला म्हणाला. ती उठली. तिने दाराच्या मुठीला हात घातला, तेवढ्यात त्याने मागून विचारलं, "ए, दोनच होती ना?"

"दोनच."

"नक्की? डबीतनं एखादं पडलं नसेल ना? कप्प्यात? गालिच्यात?"

"नाही. दोनच."

"तरी मी आईला फोन करतो," तो खिसे चाचपत म्हणाला. "म्हणजे ती स्क्रूड्रायव्हर फिरवेल पुन्हा एकदा. सगळ्या घरातून."

"कर," ती म्हणाली, आणि आत गेली.