फानेचा ताप

मी थर्मामीटर. मिल्ड्युराच्या एका औषधाच्या दुकानातून मला फिलिमोनेने उचललं. तो टोंगाहून द्राक्षं तोडायला ऑस्ट्रेलियात आलेला, घरी बायको गरोदर. ब्लँकेटं, डब्यातलं मटण आणि मी असं सगळं एका निळ्या पिंपात भरून त्याने टोंगाच्या हाआपाई बेटांमधल्या आपल्या लहानशा बेटावर धाडलं. मी पोचलो तेव्हा त्याची लेक फाने महिन्याची झाली होती.

घरात माझं फारसं कौतुक झालं नाही. फिलिमोनेची आई तोआकासे म्हणाली, सात पोरांचा ताप मी तळहाताने ओळखला, मला ही काडी कशाला? सून लोसालिनेने मला गुपचूप दुपट्यांखाली ठेवून दिलं.

फाने सहा आठवड्यांची असताना एका सकाळी तिने दूध प्यायचं सोडलं. लोसालिनेने मला तिच्या काखेत धरलं. अडतीस पूर्णांक सहा. गुंडाळून ठेवलंय म्हणून असेल, असं म्हातारीचं मत पडलं. दुपटं सोडलं, अर्ध्या तासाने पुन्हा मला लावलं. अडतीस पूर्णांक नऊ.

मोठ्या बेटावरच्या नर्सला फोन लागला. एवढ्या तान्ह्या बाळाला अडतीसच्या वर ताप म्हणजे वाट बघायची नाही, लगेच घेऊन या, असं तिने बजावलं. पण समुद्र दोन दिवस खवळलेला. बोट काढायला कुणी धजेना. फिलिमोने सारखा फोन करून विचारी, "आता किती?" आकडा ऐकला की फोन ठेवी आणि थोड्या वेळाने पुन्हा लावी.

दुपारी माझ्यावर पस्तीस पूर्णांक चार उमटलं.

"उतरला," लोसालिने म्हणाली आणि रडायलाच लागली.

मला ओरडावंसं वाटत होतं. ती काख मला कळत होती, गार आणि ढिली. इतक्या लहान जिवाचा ताप असा कोसळतो, तेव्हा बहुधा तो जीवच हरत चाललेला असतो. पण मला आकड्यापलीकडे भाषा नाही.

तोआकासेने फानेच्या तळपायाला बोटाने गुदगुल्या केल्या. मग पुन्हा केल्या.

"सूनबाई, ही पाय ओढून घेत नाही. ऊठ."

म्हातारी तशीच किनाऱ्यावर गेली आणि बोटवाल्या पुतण्यासमोर उभी राहिली. "बुडायचं तर आम्ही तिघी बुडू. घरात बसून हिला मरू देणार नाही."

त्याने बोट पाण्यात ढकलली. दोन तास लाटा अंगावर घेत आम्ही मोठ्या बेटावरच्या दवाखान्यात पोचलो. चौदा दिवस सुया टोचून घेऊन फाने वाचली.

हंगाम संपवून फिलिमोने घरी आला, तेव्हा ती आठ महिन्यांची होती. बापाला बघताच तिने भोकाड पसरलं. खाऊ झाला, गाणी झाली. ती काही त्याच्याकडे जाईना. शेवटी त्याने मला काढून तिच्या काखेत धरलं. दवाखान्यापासून तिला रोज मला काखेत धरून घ्यायची सवयच झालेली. ती गप्प झाली आणि त्याच्या छातीला टेकून राहिली.

आता तो रोज तेच करतो. माझी बॅटरी मात्र संपत आलीय, आकडे फिके पडतात, आणि तसला सेल या बेटावर मिळत नाही. मला त्याला सांगायचंय, अरे, काडी बाजूला ठेव, पोर आता तुला ओळखते. नुसती उचल तिला.

पण माझ्याकडून उमटतं ते एवढंच: छत्तीस पूर्णांक सात.