फुंकरबाबांचे दोन पेले

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर फुंकरबाबा, पुढ्यात पेले आणि नळ्या. भक्ताने पहिल्या पेल्यात फुंकर घातली की नितळ पाणी दुधासारखं व्हायचं.

"बघा, छातीतला धूर उतरला!" बाबा गरजायचे. मग डोळे मिटून पुटपुटणं, दुसरा पेला, पुन्हा फुंकर. पाणी जसंच्या तसं. "धुतली फुप्फुसं! आता कशाला दवाखान्यातल्या त्या तपासणीच्या यंत्रात झोपता?"

टाळ्या! बहुतेकांनी चपलांबरोबर डोकंही बाहेरच काढून ठेवलं होतं.

मागच्या रांगेत दवाखान्यातल्या नर्सबाई ओठ मुडपून बसल्या होत्या. वय आणि ओढलेल्या सिगारेटींचा हिशोब बघून फुप्फुसांच्या कर्करोगाच्या तपासणीला कोण पात्र, याची यादी त्या करत होत्या. सकाळपासून चौघांनी अर्ज परत केले होते. आता त्यांचा सख्खा थोरला भाऊ, एकसष्ट वर्षांचा लेथ-कामगार, धुतलेली फुप्फुसं घेऊन ऐटीत खाली उतरला.

"फाड माझा अर्ज. मला कुठे खोकला आहे?"

"खोकला यायच्या आधी बघायचं, म्हणूनच ही तपासणी, दादा!" नर्सबाई तरातरा व्यासपीठावर चढल्या आणि त्यांनी पहिल्यासारख्याच एका नितळ पेल्यात फुंकर घातली. पाणी पांढरं.

"चोरून ओढतेस!" बाबा ओरडले. सभागृह खिदळलं.

नर्सबाईंनी दादाच्या सहा वर्षांच्या नातीला वर बोलावलं आणि तसाच आणखी एक नितळ पेला तिच्यापुढे धरला. "फुंकायचं हं, प्यायचं नाही." पाणी पांढरंफटक!

"ही कोणती ओढते, महाराज? साधी की फिल्टरची?"

"मागच्या जन्मीचा धूर..." बाबा चाचरले. या खेपेला कोणी टाळी वाजवली नाही.

"ही चुन्याची निवळी. कोणाच्याही श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने पांढरी होते. आणि दुसऱ्या पेल्यात नळाचं पाणी!" नर्सबाईंनी तिथेच अर्ज उघडला. "दादा, रोज किती ओढायचास?"

दादाने चारचौघांकडे पाहिलं. "पाच."

"पाच तर न्याहारीपर्यंत व्हायच्या!" वहिनी खालून कडाडल्या. "रोज वीसचं पाकीट, पस्तीस वर्षं. सोडून जेमतेम दोन झालीत."

"पाच लिहिल्या तर तू यादीबाहेर," नर्सबाई हळूच म्हणाल्या. "पेल्याला ना तुझं वय कळतं, ना तुझी पाकिटं. ती तुलाच ठाऊक. डॉक्टरला खरं सांगायचं आणि तपासून घ्यायचं, एवढीच अक्कल लागते. त्याला बाबा कशाला?"

दादा नातीच्या पांढऱ्या पेल्याकडे बघत राहिला.

"वीस," तो म्हणाला. "लिही, वीस."