कात्रीबाईंची शर्यत

कात्रीबाईंना राग आला की त्या घर पुसायला घेतात. साधा राग असला तर ओटा, मोठा असला तर खिडक्या. त्या दुपारी पार्लरमधून परत आल्या आणि त्यांनी ओटा, खिडक्या, दारं, दिवाणखान्यातलं कपाट असं एकापाठोपाठ एक सगळं काढलं, तेही डाव्या हाताने. उजव्या हाताचं तोंडसुद्धा बघायची त्यांची इच्छा नव्हती.

काही महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला होता. बोलणं परत आलं, चालणं परत आलं, उजवा हात मात्र रुसून बसला. फिजिओथेरपिस्टने दाबायला एक रबरी चेंडू दिला, उघडझाप करायला कपड्यांचे चिमटे दिले आणि स्पष्ट सांगितलं की हात आत्ता जेवढं ऐकेल तेवढं पुढे ऐकणार नाही, तेव्हा हे महिने वाया घालवू नका. कात्रीबाईंना ते दोनदा सांगावं लागलं नाही. केस कापणं हा त्यांचा धंदा होता आणि मिजासही होती. बायका लांबून यायच्या, दुसरी खुर्ची रिकामी असली तरी यांच्यासाठी ताटकळत बसायच्या. कात्रीबाई हे नावही गिऱ्हाइकांनीच दिलेलं. पार्लरच्या मालकीणबाई म्हणाल्या होत्या, "खुर्ची तुझीच. पण उन्हाळाभर थांबेन, पुढे मला कुणीतरी बघावंच लागेल."

चेंडू दाबताना मात्र रडू यायचं. बोटं अर्ध्यात थांबायची, चेंडू घरंगळत कपाटाखाली जायचा आणि कात्रीबाई पदर तोंडाला लावायच्या. नवऱ्याला ते बघवत नसे. तो चष्म्याच्या दुकानात भिंगं बसवायचा, स्वभावाने मऊ, घरात कुणी आवाज चढवला की हा खिडक्या लावून घ्यायचा. मग एका संध्याकाळी कॉलेजात जाणाऱ्या चिरंजीवांनी आपला व्हिडिओ गेमचा डबा टीव्हीला जोडला, बिनवायरचा एक रिमोट आईच्या हातात दिला आणि म्हणाले, "आई, चल, गाड्यांची शर्यत लावू. हातालाही बरं."

आणि कात्रीबाई जिंकल्या! दुसऱ्या दिवशीही जिंकल्या. अधूनमधून हरायच्या, पण थोडक्यात. त्यांची लाल गाडी घाटातली वळणं अशी घ्यायची की चिरंजीव कपाळावर हात मारायचे. आपल्या रिमोटचा दिवा का लागत नाही, असं कात्रीबाईंनी एकदा विचारलं, तर "सेल वाचवायला बंद ठेवलाय," हे उत्तर मिळालं. त्यांना पटलं. स्वतःची पाठ थोपटून घ्यायला मिळत असली की माणसाला काहीही पटतं.

चेंडू हळूहळू मागे पडला. चिमटे दोरीवर गेले. फिजिओथेरपिस्टकडे जायचा दिवस आला की कात्रीबाई म्हणायच्या, "कशाला? कालच पहिली आले की!" नवरा एकदाच चाचरत म्हणाला, "तरी जाऊन ये ना." त्यांनी ते उडवून लावलं. घास घेणं, वेणी घालणं, चहा गाळणं डाव्या हाताने चाललंच होतं. ती सवय आहे, सुटेल, असं त्या मानून चालल्या.

म्हणून त्या दिवशी कुणाला न सांगता त्या पार्लरमध्ये गेल्या. नेमक्या त्यांच्या जुन्या गिऱ्हाईक, शाळेतल्या मुख्याध्यापिका, खुर्चीत बसल्या होत्या. "आलीस का गं बाई! आता दुसऱ्या कुणाचा हात लावून घेणार नाही मी," म्हणाल्या. कात्रीबाईंनी ॲप्रन चढवला, ऐटीत कात्री उचलली, मानेवरची पहिली बट धरली आणि कात्री मिटेना. मिटली ती भलत्याच वेळी. केसांचा एक पुंजका मुळापासून खाली आला आणि कानाच्या पाळीतून रक्त. मुख्याध्यापिका ओरडल्या नाहीत. "असू दे, असू दे," म्हणत त्यांनी कानाला रुमाल लावला, ते जास्त लागलं. मालकीणबाईंनी कात्री हातातून काढून घेतली आणि बाहेर नेऊन हळू आवाजात सांगितलं, "उद्यापासून मी नवी मुलगी बसवते. तू मनाला लावून घेऊ नकोस."

मनाला नाही तर कुठे लावून घ्यायचं?

कपाट पुसून झाल्यावर त्या टीव्हीखालच्या फळीकडे वळल्या. तिथे त्यांचा रिमोट पडला होता. खाचांत मळ साठलेला. त्यांनी फडक्याचं टोक आत घातलं, घासलं, तसं मागचं झाकण निसटून खाली पडलं.

आत सेल नव्हते.

खोबणी रिकामी होती. सेल काढल्यावर राहतो तसा डागही नव्हता. स्प्रिंगा नव्या कोऱ्या चकचकत होत्या. कात्रीबाईंनी खोबणीत बोट फिरवून पाहिलं. लहान पोरानं फोनसाठी हट्ट धरला की त्याच्या हातात बंद पडलेला फोन देतात आणि म्हणतात, बोल हं मामाशी. चिरंजीवांनी मावसबहिणीच्या पोराला असंच गप्प बसवलं होतं. तेव्हा कात्रीबाईच पोट धरधरून हसल्या होत्या.

त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्यांनी झाकण लावलं, रिमोट होता तिथे ठेवला आणि वाट बघत बसल्या.

संध्याकाळी बापलेक आले. "आई, खेळायचं ना?"

"खेळायचं तर."

रोजच्यासारखी बैठक जमली. सोफ्यावर कात्रीबाई आणि चिरंजीव, पाठीमागे जेवणाच्या टेबलाशी नवरा, समोर मटारच्या शेंगांचं ताट. इतके दिवस हा माणूस त्याच वेळी काहीतरी सोलत, निवडत, घड्या घालत बसायचा. मला सोबत म्हणून बसतो, असं वाटून कात्रीबाईंना त्याचं केवढं कौतुक होतं!

शर्यत सुटली. लाल गाडी निघाली. पहिल्या वळणाला कात्रीबाई नेहमीसारख्या डावीकडे झुकल्या, गाडीही झुकली. दुसऱ्या वळणाच्या आधी त्यांनी रिमोट मांडीवरून उचलला आणि टीपॉयवर ठेवला. हाताची घडी घातली. लाल गाडीने वळण झोकात घेतलं, एका निळ्या गाडीला मागे टाकलं आणि पुढे सुसाट सुटली.

चिरंजीवांच्या लक्षात आलं. त्यांचा अंगठा थांबला, त्यांची गाडी कठड्याला जाऊन चिकटली. नवऱ्याला मात्र पत्ता नव्हता. तो मान पुढे काढून, ओठ दाबून, टेबलाखाली दोन्ही हात घालून जिवाच्या आकांताने गाडी हाकत होता. कात्रीबाई उठून त्याच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या तेव्हा लाल गाडीने शेवटची रेघ ओलांडली.

"अभिनंदन," त्या म्हणाल्या.

 नवऱ्याच्या हातातला रिमोट निसटून पायाशी टाकलेल्या शेंगांच्या सालांत पडला.

"आई, माझी कल्पना होती," चिरंजीव घाईने म्हणाले. "बाबांना काही बोलू नकोस. तू सारखी रडायचीस गं. आम्हाला बघवत नव्हतं."

"मग दुसऱ्या खोलीत जायचं होतंत!" कात्रीबाई कडाडल्या. "मी रडत होते, पण चेंडू दाबत होते ना? रडत रडत दाबला असता! हात माझा, रडणं माझं. तुम्हाला बघवत नव्हतं म्हणून मला फसवलंत?"

"अगं, तुझ्या आनंदासाठी…" नवरा पुटपुटला.

"माझ्या? अहो, स्वतःच्या जिवाला शांतता हवी होती तुम्हाला! मी फिजिओकडे जायचं सोडलं तेव्हा तोंड का नाही उघडलंत? रोज पाठीमागे बसून मटार सोलत होतात. माझी खुर्ची गेली आज. बाईंचा कान कापून आले मी! दुधखुळी समजता काय मला?"

कान कापल्याचं ऐकून नवरा खुर्चीतच खचला. त्याने तोंड ओंजळीत घेतलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. इतर कुठल्याही दिवशी कात्रीबाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला असता. आज त्यांना त्याचं रडणंही आयतं आणि सोयीचं वाटलं, आणि राग आणखीच भडकला.

"रडायचं ते नंतर रडा. सेल आणा."

"आई, आज नको. तू चिडली आहेस…"

"सेल आण म्हणते ना!"

चिरंजीवांनी भिंतीवरच्या घड्याळातले आणि टीव्हीच्या रिमोटमधले सेल काढून खोबणीत बसवले. एक बटण दाबून धरलं. रिमोटचा दिवा आधी लुकलुकला, मग लागला. कात्रीबाईंनी तो दोन्ही हातांत घेतला. उजवा अंगठा बटणावर नेऊन ठेवायलाच त्यांना डाव्या हाताची मदत लागली.

शर्यत सुटली. बाकीच्या गाड्या भुर्रकन निघून गेल्या. लाल गाडी जागची हलली, थांबली, पुन्हा हलली, आणि रस्ता सरळ असूनही तिरकी जाऊन धाडकन भिंतीवर आदळली. त्याच क्षणी रिमोट हातात थडथडला. उजव्या तळहातापासून कोपरापर्यंत ती थरथर गेली. कात्रीबाई दचकल्या.

"हे काय झालं? बिघडलं का?"

"नाही," चिरंजीव खाली मान घालून म्हणाले. "गाडी आपटली की ते असं हलतं. कळावं म्हणून."

"नेहमी?"

"नेहमी."

कात्रीबाईंनी मुलाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. 

"आणि हे तुम्ही मला कळू दिलं नाहीत," त्या म्हणाल्या. "पुन्हा लाव."