दोन मुठी मीठ

निळा डाग.

डुकराचं स्वादुपिंड.

हेरिंग माशाचं खारं पाणी.

तिसरी मूठ वाया.

मित्रांनो, या चार गोष्टींत माझं आयुष्य गेलं. मी एक जुनी मिठाची बरणी आहे; राखाडी, जाड मातीची, एका कानाची. नेदरलँड्समधल्या एन्स्खेडे गावच्या एका कापड गिरणीत खळ काढायच्या हौदाशेजारी मी अकरा वर्षं होते.

विणताना सूत तुटू नये म्हणून त्याला खळ देतात. ती नंतर निघाली नाही, तर रंग चट्ट्याचट्ट्यांनी बसतो. म्हणून कापड कोमट पाण्यात बुडवायचं आणि त्यात डुकराच्या स्वादुपिंडाची भुकटी घालायची. भुकटीतलं विकर खळीतलं पीठ तोडतं. मग कापडावर आयोडीनचा थेंब टाकायचा. निळा डाग पडला, तर खळ अजून शिल्लक.

हौदावर फेने होती. नवरा छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेला, घर तिच्या एकटीच्या हातावर. एकदा तिच्या डब्यातलं खारवलेल्या हेरिंगचं पाणी हौदात सांडलं.

"काय गं फेने, कापडाला मासे भरवतेस?" मुकादम लुबर्स हसले.

"भरवते तर! तुम्हाला काटेसुद्धा उरायचे नाहीत."

पण त्या दिवशी खळ निम्म्या वेळात निघाली. दुसऱ्या दिवशी फेनेने घरून मला आणलं. एक मूठ मीठ टाकून पाहिलं, मग दोन, मग तीन. दोन मुठींपर्यंत खळ अधिकाधिक लवकर निघत गेली. तिसरीने काहीच फरक पडला नाही. तेव्हापासून दर हौदाला दोन मुठी.

मग डॉक्टर ब्रुइनेस आले. रसायनशास्त्र शिकलेले.

"ही कसली स्वयंपाकघरातली थेरं? कृतीत लिहिलेलं नाही ते हौदात पडायचं नाही."

"डॉक्टर, मिठावाचून तुमची भुकटी झोपा काढते."

"बाई, तुम्ही कापड ढवळा. डोकं चालवायला मी आहे."

तिने ऐकलं नाही. तिसऱ्या दिवशी मुठीसकट पकडली गेली. त्याच संध्याकाळी तिला कामावरून काढलं. मला घरी न्यायचीही परवानगी मिळाली नाही.

वेळ तीच, मीठ मात्र नाही; पुढचे दोन आठवडे डाग निळेच. चट्टे पडलेल्या ताग्यांचा ढीग लागला. तेव्हा डॉक्टरांनी मला गुपचूप प्रयोगशाळेत नेलं. दोन पेल्यांत सारखीच खळ, सारखीच भुकटी. एकात माझ्यातलं चिमूटभर मीठ. मिठाच्या पेल्यातला थेंब काही मिनिटांतच निळा होईनासा झाला. दुसरा तासभर निळाच.

मीठ स्वतः काही तोडत नाही, मित्रांनो. त्यातलं क्लोराईड विकराला बिलगतं, तेव्हा कुठे विकर नीट कामाला लागतं. प्रत्येक विकराला आपला वाटा मिळाला, की वरचं मीठ नुसतं पाण्यात पडून राहतं. फेनेची तिसरी मूठ अशीच वाया गेली होती. डॉक्टरांनी हे पानंच्या पानं भरून लिहिलं.

"मग फेनेला परत बोलावू ना?" लुबर्सनी विचारलं.

"कशाला? प्रमाण आता आपल्याला ठाऊक आहे."

"निदान तुमच्या लेखात तिचं नाव..."

"तिला कुठे वाचता येणार आहे!"

लुबर्स हौदाकडे परत गेले.

लेख छापून आला. सत्कार झाला. हौदात आता पोत्यातलं मीठ पत्र्याच्या मापाने पडतं. फेने लोकांचे कपडे धुते, असं ऐकलं. माझ्यात डॉक्टर पाइपची राख झाडतात.

मला घासूनपुसून ठेवा, असं मी म्हणणार नाही. एवढंच मागते: चालत्या कामातून एखादी क्षुल्लक गोष्ट बाहेर फेकण्याआधी, ती तिथे कुणी आणि का ठेवली, ते त्या माणसाला विचारा. आणि उत्तर खरं निघालं, तर त्याचं नाव घ्या.

जेवणाच्या सुट्टीत फेने वर्तमानपत्र माझ्या अंगाला टेकवून लुबर्सना मोठ्याने वाचून दाखवत असे.